बारले : दोन देशांच्या बांधावरचे गाव

हॉलंड अर्थात नेदरलँड या देशाचे नाव आपल्या बागायतदारांना नवीन नाही. आपल्याकडून युरोपात जाणाऱ्या द्राक्षांचा मोठा वाटा याच देशातील रॉटरडॅम बंदरात उतरतो. हरितगृहे, गुलाब व जरबेरा यांची लागवड आणि दुग्धव्यवसाय पाहण्यासाठी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचे अभ्यास दौरेही तेथे जात असतात. हे दौरे बहुधा काचेच्या हरितगृहांवर आणि फुलांच्या लिलावगृहावर संपतात. परंतु त्याच देशाच्या दक्षिण टोकाला, बेल्जियमच्या हद्दीलगत, एक लहानसे गाव असे आहे की जेथे शेतकऱ्याने एक दिवस अवश्य घालवावा. त्या गावाचे नाव बारले.

बांध, शीव, मोजणी, शेणखत आणि शेजारी हे आपल्या रोजच्या चिंतेचे विषय होत. या गावात यांपैकी प्रत्येक गोष्टीला आठशे वर्षांचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात या गावाची व आसपासच्या शेतीची माहिती दिली आहे.

गाव कोठे आहे व कसे आहे?

नेदरलँडच्या उत्तर ब्राबंट प्रांतात ब्रेडा आणि टिलबर्ग ही दोन शहरे आहेत. त्यांच्या दक्षिणेस, बेल्जियममधील टर्नहाउट शहराच्या वाटेवर, बारले वसलेले आहे. दिसायला ते एकच गाव आहे. एकच बाजारपेठ, एकच भाषा आणि एकमेकांत गेलेले रस्ते. प्रत्यक्षात मात्र येथे दोन नगरपालिका नांदतात. बारले-नासाऊ ही नेदरलँडची आणि बारले-हर्टोग ही बेल्जियमची. पहिलीची लोकसंख्या सुमारे सात हजार, तर दुसरीची तीन हजारांच्या आसपास आहे.

दोन देशांच्या सीमेवर वसलेली गावे जगात पुष्कळ आहेत. एक रेषा, रेषेच्या अलीकडे एक देश व पलीकडे दुसरा, असे त्यांचे स्वरूप असते. बारलेचे तसे नाही. देशाची मुख्य सीमा गावापासून काही किलोमीटर दूर आहे. तरीही नेदरलँडच्या पोटात बेल्जियमच्या मालकीचे २२ तुकडे विखुरलेले आहेत. एवढ्यावरच हे थांबत नाही. त्या बेल्जियन तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँडचे ७ तुकडे आहेत. त्यांपैकी सहा एकट्या सर्वांत मोठ्या बेल्जियन तुकड्यात आहेत. नेदरलँडचा आणखी एक तुकडा बेल्जियमच्या मुख्य भूमीत आहे.

सर्वांत मोठा बेल्जियन तुकडा १५४ हेक्टरांचा, म्हणजे सुमारे ३८० एकरांचा आहे. सर्वांत लहान तुकडा २६३२ चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने अवघा २६ गुंठ्यांचा आहे. २६ गुंठ्यांचे एक शेत आणि त्याच्या चारही बांधांपलीकडे परदेश, अशी ही स्थिती आहे.

असे का घडले?

या प्रश्नाचे उत्तर जमिनीतच आहे. सन ११९८ च्या सुमारास ब्राबंटचा ड्यूक पहिला हेन्री आणि ब्रेडाचा सरदार यांच्यात एक करार झाला. त्यानुसार ड्यूकने बारले परिसरातील जमीन ब्रेडाच्या सरदाराला वतन म्हणून दिली. मात्र ज्या जमिनी आधीच कुळांकडे वहितीला दिल्या होत्या व ज्यांतून सारा मिळत होता, त्या ड्यूकने स्वतःकडेच ठेवल्या. थोडक्यात, पिकाऊ शेते व घरे ड्यूककडे राहिली आणि बहुतांश पडीक माळरान सरदाराकडे गेले. 'हर्टोग' या डच शब्दाचा अर्थच ड्यूक असा आहे. म्हणून ड्यूकचे ते बारले-हर्टोग. पुढे १४०३ मध्ये ब्रेडाची सरदारकी विवाहसंबंधाने नासाऊ घराण्याकडे गेली आणि दुसऱ्या भागाला बारले-नासाऊ हे नाव पडले.

त्या काळी ही केवळ दोन जमीनदारांची वाटणी होती. पुढे राज्ये बदलली. १६४८ च्या तहाने नेदरलँड स्पेनपासून वेगळे झाले, १८३० मध्ये बेल्जियम नेदरलँडपासून फुटून निघाला आणि १८३९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. जमीनदारांचा बांध अशा रीतीने दोन देशांची सीमा होऊन बसला. माळाच्या मधोमध असलेले वहितीचे शेत म्हणजे एक देश आणि भोवतालचा माळ म्हणजे दुसरा देश, असा हा प्रकार आहे.

माळावरची माती कशी सुधारली?

या भागातील जमीन मूळची वाळूची. पाणी धरत नाही, अन्नद्रव्ये टिकत नाहीत आणि आम्लताही जास्त. अशा जमिनीत शेकडो वर्षे धान्य पिकवले गेले ते केवळ खताच्या जोरावर. त्याची पद्धत आपल्या शेतकऱ्यांनी समजून घेण्यासारखी आहे.

माळावर हीदर नावाचे झुडूप व गवत वाढत असे. शेतकरी त्याची मुळांसह व मातीसह ढेपळे कापून आणीत. ही ढेपळे मेंढ्यांच्या व गुरांच्या गोठ्यात अंथरत. दिवसा मेंढ्या माळावर चरत आणि रात्री गोठ्यात बसत. त्यांच्या लेंड्या व मूत्र या ढेपळांत मुरे. पुढे हे सर्व खत शेतात पसरले जाई. खताबरोबर माळाची मातीही शेतात येत असल्यामुळे शेताची पातळी दर वर्षी साधारण एक मिलिमीटरने चढत गेली. एक मिलिमीटर ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, परंतु पाचशे वर्षांत ती अर्धा मीटर होते. आज या भागात काळ्या, सेंद्रिय पदार्थयुक्त मातीचा अर्धा ते एक मीटर जाडीचा थर असलेली शेते आढळतात. मृदाशास्त्रात अशा जमिनीचा स्वतंत्र वर्ग केलेला आहे. नदीने किंवा ज्वालामुखीने आणलेली ही माती नव्हे, ती शेतकऱ्यांनी पाठीवरून आणलेली माती आहे.

या पद्धतीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. एक हेक्टर शेत पोसण्यासाठी कित्येक हेक्टर माळ खरवडला जात असे. जेथे खरवडणे प्रमाणाबाहेर गेले तेथे माळ उघडा पडला, वारा वाळू उडवू लागला आणि ती वाळू शेतांवर येऊन पडली. गायरान खाऊन शेत सुधारायचे ठरवले तर त्याला कोठेतरी मर्यादा असते, हाच त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रासायनिक खते मिळू लागली, ढेपळांची गरज संपली आणि बराचसा माळही लागवडीखाली आला.

५७३२ गट आणि मोजणीतील तफावत

बेल्जियम वेगळा झाल्यानंतर दोन्ही देशांनी सीमा आखण्याचे काम हाती घेतले. १८४३ च्या करारानुसार सर्व सीमेवर क्रमांक घातलेले खांब उभे करण्यात आले. बारलेपाशी मात्र मोजणीदारांनी हात टेकले. खांब क्रमांक २१४ व २१५ यांच्या दरम्यान रेषा ओढणे शक्यच नव्हते. तेव्हा रेषेऐवजी एकेका गटाची नोंद करण्याचा निर्णय झाला. एकूण ५७३२ गटांपैकी कोणता गट कोणत्या देशाचा, हे क्रमवार लिहून काढण्यात आले. नकाशावर सीमारेषा नसली तरी नोंदवहीत प्रत्येक गटापुढे देश लिहिलेला होता.

एवढ्या मोठ्या नोंदीत कोठेतरी घोळ होणारच. झोंडरआयगन या भागातील गट क्रमांक ९१ व ९२ यांच्या बाबतीत तो झाला. आधी तयार झालेल्या गावपातळीवरील नोंदीत असे लिहिले होते की, गट ७८ ते १११ हे सर्व बारले-नासाऊचे, म्हणजे नेदरलँडचे आहेत. १८४३ च्या करारासोबतच्या नोंदीत मात्र ७८ ते ९० बारले-नासाऊचे, ९१ व ९२ बारले-हर्टोगचे आणि ९३ ते १११ पुन्हा बारले-नासाऊचे, असे लिहिले गेले. एका कागदात नेदरलँड, तर दुसऱ्या कागदात बेल्जियम!

कागद काहीही म्हणो, व्यवहार चालू राहिला. नेदरलँडने या गटांतील जमिनीचे व्यवहार आपल्या दप्तरात नोंदले आणि जमीन-कर घेतला. १८९२ मध्ये हे दोन गट नेदरलँडला देण्याबाबत एक करार तयार झाला, पण त्याला अखेरची मंजुरी मिळाली नाही. शेवटी दोन्ही देश हे प्रकरण घेऊन हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. मोठ्या राष्ट्रांचे वाद ऐकणाऱ्या न्यायालयापुढे दोन गटांचा दावा उभा राहिला.

नेदरलँडचे म्हणणे असे होते की, करारातील नोंद ही नक्कल करताना झालेली चूक आहे आणि शिवाय एवढी वर्षे वहिवाट आमची आहे. न्यायालयाने २० जून १९५९ रोजी १० विरुद्ध ४ मतांनी निकाल बेल्जियमच्या बाजूने दिला. दोन्ही देशांनी सही केलेला करार हाच आधार होय, त्यात चूक झाल्याचे सिद्ध झालेले नाही, आणि कर घेणे किंवा दप्तरी नोंद करणे अशा नेहमीच्या कारभारामुळे करारातील हक्क नाहीसा होत नाही, असा या निकालाचा आशय आहे.

हा निकाल वाचताना आपल्या गावातील अनेक तंटे डोळ्यांपुढे येतील. एकत्रीकरण योजनेत गट पडताना झालेल्या चुका, सातबाऱ्यावर एक क्षेत्र तर नकाशावर दुसरे, आणि 'आमची वहिवाट आहे' हा नेहमीचा युक्तिवाद. दोन देशांतील करार आणि आपल्याकडील जमीन महसूल कायदा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे खरे. वहिवाटीबाबत आपले कायदेही निराळे आहेत. परंतु एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. दोन कागदांतील तफावत वेळीच काढून टाकली नाही तर ती पुढच्या पिढ्यांना भोगावी लागते. बारलेच्या या दोन गटांतील तफावत मिटायला ११६ वर्षे लागली. पुढेही गावाची सीमा प्रत्यक्ष रेषेने पूर्णपणे निश्चित होण्यास १९९५ साल उजाडले.

घर कोणत्या देशात? दारावरून ठरवा!

गटांच्या कडा धरून सीमा गेल्याने पुढे वस्ती वाढली तसे रस्ते, दुकाने, घरे सीमेवरच उभी राहिली. आज गावात फिरताना पदपथावर पांढऱ्या फुलीची ओळ दिसते. तिच्या एका बाजूला नेदरलँडचे व दुसऱ्या बाजूला बेल्जियमचे आद्याक्षर असते. ही ओळ कधी दुकानाच्या दारातून आत शिरते, तर कधी एखाद्या उपाहारगृहाच्या टेबलांमधून जाते.

घराच्या मधून सीमा गेली तर ते घर कोणत्या देशाचे? यासाठी गावकऱ्यांनी एक साधा नियम पाळला आहे. घराचे पुढचे दार ज्या देशात उघडते, त्या देशाचे ते घर. कर तेथे भरायचा व मतदानही तेथेच करायचे. सोयीचा परवाना मिळावा म्हणून लोकांनी पुढचे दार दुसऱ्या जागी हलवल्याच्या गोष्टी तेथे सांगितल्या जातात. एका घराच्या तर दाराच्या मधोमध सीमा आहे. त्याला दोन देशांचे दोन घरक्रमांक आहेत. घरक्रमांकाच्या पाटीवर त्या त्या देशाच्या ध्वजाचे रंग असल्याने आपण कोणत्या देशात उभे आहोत हे पाटी पाहून समजते.

येथे महापौर दोन, पोलीस दोन आणि कायदेही दोन आहेत. मात्र ग्रंथालय, सांडपाणी, अग्निशमन अशा कामांत दोन्ही पालिका परस्परांशी ठरवून कारभार करतात. २००२ पासून दोन्ही देशांत युरो हे एकच चलन असल्याने व्यवहार अधिक सुलभ झाला आहे. अडचणी येतात त्या दोन कायद्यांत फरक पडतो तेव्हा. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत बेल्जियमने दुकाने बंद केली, नेदरलँडने ती चालू ठेवली. गावातील एका कापड दुकानाच्या मधून सीमा जात असल्याने त्याचा निम्मा भाग बंद व निम्मा चालू राहिला. अशा वेळी दोन्ही पालिकांना रोज एकत्र बसून मार्ग काढावा लागला.

तारेच्या कुंपणाचे दिवस

हे सर्व ऐकताना गंमत वाटते, परंतु या सीमेने माणसेही मारली आहेत. १९१४ च्या पहिल्या महायुद्धात जर्मनीने बेल्जियम व्यापला. नेदरलँड तटस्थ होते. बारले-हर्टोगला जायचे तर नेदरलँडची भूमी ओलांडावी लागे, म्हणून जर्मन सैन्य तेथे जाऊ शकले नाही. बेल्जियमचा हा लहानसा तुकडा युद्धभर मोकळा राहिला आणि १९१५ पासून तेथे एक बिनतारी संदेश केंद्रही चालवले गेले.

लोक बेल्जियममधून पळून नेदरलँडमध्ये जाऊ नयेत म्हणून १९१५ मध्ये जर्मनांनी मुख्य सीमेवर विजेचा प्रवाह सोडलेले तारेचे कुंपण उभारले. त्यात सुमारे २००० व्होल्टचा दाब असे. त्या काळी खेड्यांत वीज पोचलेली नव्हती. तारेला हात लावला तर माणूस मरतो, हेच अनेकांना ठाऊक नव्हते. निर्वासित, तस्कर व सैनिक यांच्याबरोबर शेतकरी आणि त्यांची जनावरेही या तारेला चिकटून मेली. ज्यांचे घर एका बाजूला व शेत दुसऱ्या बाजूला होते, त्यांची शेती तुटली. झोंडरआयगन येथे या कुंपणाची प्रतिकृती उभारलेली आहे. पदपथावरच्या फुल्या पाहिल्यानंतर ती अवश्य पाहावी. तीच सीमा माणसाने कशी वापरली यावर सर्व काही अवलंबून असते, हे तेथे समजते.

एकाच शिवारात दोन कायदे

गावाबाहेर पडले की दोन्हीकडे गवताची कुरणे, मक्याची शेते आणि गाई-डुकरांचे गोठे लागतात. ज्या जमिनीला पूर्वी टोपलीभर खतासाठी माळ खरवडावा लागत होता, त्याच जमिनीला आज खत जास्त झाले आहे. परदेशातून आणलेल्या पशुखाद्यावर मोठ्या संख्येने जनावरे पाळली गेली. त्यांचे शेण-मूत्र जमिनीच्या गरजेपेक्षा अधिक झाले. वाळूच्या जमिनीतून नत्र नायट्रेटच्या रूपात खाली झिरपते व भूजलात मिसळते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये, अशी युरोपात मर्यादा आहे.

यासाठी युरोपीय देशांनी १९९१ मध्ये नियम केला. नायट्रेटचा धोका असलेल्या भागात जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोपेक्षा जास्त नत्र देता येत नाही. एकरी हे प्रमाण सुमारे ६९ किलो पडते. आपल्या चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र धरले, तर ही मर्यादा एकरी सुमारे १४ टन शेणखताइतकी होते. आपल्याकडे एवढे शेणखत मिळणे हीच अडचण आहे, त्यांच्याकडे तेवढ्यावर थांबणे ही अडचण आहे. नेदरलँडच्या कुरणांना या मर्यादेत अनेक वर्षे सवलत होती. २०२२ च्या युरोपीय निर्णयाने ती टप्प्याटप्प्याने काढून घेण्याचे ठरले. २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नत्र-प्रदूषणाविषयीची सरकारी योजना रद्द ठरवली. त्यानंतर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगच्या रस्त्यावर उतरले. या संघर्षाने तेथील राजकारण ढवळून निघाले आहे.

नेदरलँडमध्ये पातळ शेणखत जमिनीवर उधळता येत नाही. ते यंत्राने चर पाडून जमिनीत सोडावे लागते. हिवाळ्यात ते देण्यास बंदी असते. वाळूच्या जमिनीत मका काढल्यावर राय किंवा गवतासारखे पीक घेणे सक्तीचे आहे. उद्देश हा की, उरलेले नत्र त्या पिकाने उचलावे व पावसाबरोबर खाली जाऊ नये. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात याच हेतूने 'मेस्टबँक', अर्थात खत-बँक, हे सरकारी कार्यालय खताचा हिशेब ठेवते. उद्देश एकच असला तरी तारखा, नमुने व नोंदी वेगवेगळ्या. ज्याची शेते दोन्ही देशांत आहेत, त्याला बांध ओलांडताना कायदाही ओलांडावा लागतो.

जनावरांच्या रोगांचेही तसेच आहे. १९९७ मध्ये ब्राबंट भागातून डुकरांच्या स्वाइन फीवरची मोठी साथ पसरली आणि नेदरलँडमध्ये सुमारे एक कोटी डुकरे मारावी लागली. २००१ मध्ये लाळ-खुरकताची साथ देशात २६ ठिकाणी आढळली. अशा वेळी रोगग्रस्त गोठ्याभोवती ३ किलोमीटर व १० किलोमीटर त्रिज्येची वर्तुळे आखून जनावरांची हालचाल थांबवली जाते. बारलेसारख्या जागी हे वर्तुळ दोन देशांवरून जाते. रोगाला फुलीची ओळ दिसत नाही, त्यामुळे दोन्हीकडच्या पशुवैद्यकांना एकमेकांना कळवावेच लागते.

शेजारच्या शिवारातील पिके

बारलेच्या पश्चिमेस, बेल्जियमच्या हद्दीत होगस्ट्राटेन हे गाव आहे. तेथील सहकारी लिलावगृह स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध आहे. महाबळेश्वर, वाई, जावळी भागातील बागायतदारांनी येथील पद्धत पाहण्यासारखी आहे. बरीच लागवड जमिनीवर नसून कमरेएवढ्या उंचीवरील पन्हळींमध्ये असते. त्यांत पीट व नारळाच्या काथ्याचा भुसा भरतात. हा भुसा युरोपात भारत व श्रीलंका येथून जातो. मजुराला वाकावे लागत नाही, फळाला माती लागत नाही व पाण्याबरोबर खत मोजून देता येते. रोपे हिवाळ्यात काढून शीतगृहात गोठणबिंदूच्या किंचित खाली ठेवतात आणि हवी तेव्हा लावतात. त्यामुळे तोडणीचा काळ लांबवता येतो. नेदरलँडमधील वाखेनिंगन येथे पैदास केलेली 'एल्सांटा' ही जात या भागात अनेक वर्षे प्रमुख होती.

येथील लिलाव घड्याळावर होतो. आपल्याकडे बोली खालून वर चढते, तेथे काटा वरच्या भावापासून खाली उतरतो. जो व्यापारी प्रथम कळ दाबतो, त्याला माल मिळतो. नेदरलँडमध्ये भाजीपाल्याचा असा लिलाव १८८७ मध्ये ब्रूक ऑप लांगेडाइक या गावी सुरू झाला. सहकारी लिलावगृहाचे मालक शेतकरीच असतात, म्हणून प्रतवारीचे नियम तेच ठरवतात आणि ते सर्वांना बंधनकारक असतात.

वसंतात गेल्यास पांढऱ्या ॲस्परॅगसची शेते पाहण्यास मिळतात. हे आपल्या शतावरीच्या कुळातील पीक. वाळूच्या जमिनीत उंच वरंबे करून त्यावर प्लास्टिक आच्छादन घालतात. कोंबाला उजेड लागू न दिल्याने तो पांढरा राहतो. तोडणी साधारण एप्रिलच्या मध्यापासून सुरू होते आणि २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, बंद करण्याची प्रथा आहे. भाव कितीही चांगला असो, त्यानंतर कोंब वाढू देतात. पाला वाढून मुळांत अन्नसाठा झाला तरच पुढच्या वर्षी पीक येते. एकदा लावलेले पीक सुमारे दहा वर्षे टिकते, ते या शिस्तीमुळे.

दौऱ्यावर जाणाऱ्यांसाठी सूचना

१) नेदरलँड व बेल्जियम या दोन्ही देशांना शेंगेन व्हिसा चालतो. स्वतंत्र व्हिसा लागत नाही. पारपत्र मात्र जवळ ठेवावे.

२) ॲमस्टरडॅमच्या विमानतळावरून रेल्वेने ब्रेडा येथे यावे व पुढे बसने बारले गाठावे.

३) गाव पायी आणि शिवार सायकलने पाहावे. टर्नहाउट ते टिलबर्ग हा १८६७ मध्ये सुरू झालेला जुना रेल्वेमार्ग बंद झाला असून त्यावर आता सायकलचा रस्ता आहे. तो बारलेवरून जातो.

४) स्ट्रॉबेरी व ॲस्परॅगससाठी मे ते जूनचा मध्य हा काळ चांगला. मात्र तो आपल्या खरिपाच्या तयारीचा काळ असल्याने नियोजन आधी करावे.

५) आपल्याकडे लाळ-खुरकताचा रोग आहे. म्हणून गावाकडील गोठ्यात वापरलेले बूट-कपडे तेथील गोठ्यात नेऊ नयेत. दूध, तूप, पेढे, मांस असे पदार्थ प्रवासी सामानातून युरोपात नेण्यास मनाई आहे.

६) परवानगीशिवाय कोणाच्याही शेतात शिरू नये. फुलीची ओळ ओलांडण्यास तेथे मुभा आहे, शेताचा बांध ओलांडण्यास नाही.

आपण काय घ्यावे?

बारलेसारखे तुकडे आपल्या देशातही होते. पश्चिम बंगालमधील कूचबिहार भागात भारताचे १११ तुकडे बांगलादेशात आणि बांगलादेशाचे ५१ तुकडे भारतात अडकलेले होते. तेथील रहिवाशांना शाळा, वीज, दवाखाना व मतदान यांपैकी काहीच धड मिळत नव्हते. १९७४ च्या कराराची अंमलबजावणी होऊन १ ऑगस्ट २०१५ रोजी या तुकड्यांची अदलाबदल झाली. एके ठिकाणी तुकडे मिटवूनच लोकांचे हाल थांबले, तर बारलेत तुकडे तसेच ठेवूनही लोक सुखाने राहतात. दोहोंतील फरक सीमेच्या आकारात नाही. प्रत्येक तुकड्याची नोंद पक्की असणे, ती दोन्ही बाजूंना मान्य असणे आणि उरलेल्या गोष्टी शेजाऱ्याशी बोलून ठरवणे, यात तो आहे.

आपल्या शेताच्या बाबतीतही हेच लागू पडते. सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा आणि प्रत्यक्ष वहिवाट हे चारही एकदा समोर ठेवून पडताळून पाहावेत. वारस नोंद व फेरफार वेळच्या वेळी करून घ्यावेत. लेखनातील चूक आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ अन्वये दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. हद्दीबाबत शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा. मोजणीच्या दिवशी लगतच्या शेतकऱ्याला आपण होऊन बोलवावे आणि हद्दीच्या खुणा दोघांनी मिळून रोवाव्यात. वडील मंडळी हयात असताना हे काम झाले तर उत्तम. कोणता दगड कोणी व केव्हा रोवला, हे त्यांनाच माहीत असते.

बारलेच्या दोन गटांसाठी दोन देशांना हेगपर्यंत जावे लागले. आपल्या दोन गुंठ्यांसाठी भावाभावांना न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत. खरिपापूर्वी शेत मोकळे असते, बांध स्पष्ट दिसतात व मोजणीही सोयीची होते. येत्या उन्हाळ्यात हे एक काम अवश्य उरकून घ्यावे.